आमच्या घराचा बिल्डर: एक स्वीडिश, एक बॅप्टिस्ट, एक बंद खिडकी

मिनेसोटाकर

धागा काढायचं निमित्त खिडकी.

आमचं घर मिनियापोलिसच्या दक्षिण भागात, 1924 सालचं. बाहेरून गिलावा, आत ओकचं लाकूडकाम, जेवणाच्या खोलीत भिंतीतच बसवलेलं कपाट. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळी, त्यात ओतीव लोखंडाची वजनं, ती सुती दोरीनं कप्पीवरून तावदानाला बांधलेली. बैठकीच्या खोलीतली एक दोरी तुटली आणि खिडकी धाडकन खाली आली. पोरगं थोडक्यात वाचलं. सुतार मिळेना, म्हणून मीच यूट्यूब बघून बाजूची पट्टी उचकटली.

पट्टीच्या मागच्या अंगाला सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं: 'प्स. 127:1', खाली '1924', आणि तिरकी सही.

आपल्या शहराची एक चांगली गोष्ट म्हणजे इथं 1884 पासूनच्या बांधकाम परवान्यांची कार्डं जपून ठेवली आहेत. त्यात आमच्या घराच्या कार्डावर बिल्डरचं नाव मिळालं, सहीशी जुळलं. (नाव इथं देत नाही, घरची माणसं हयात आहेत.) शेजारच्या आजींना सांगितलं तर म्हणाल्या, अरे, त्याची धाकटी मुलगी वृद्धाश्रमात आहे, ब्याण्णव वर्षांची, डोकं एकदम तल्लख. गेल्या महिन्यात त्या घरी येऊन गेल्या. कॉफी सहा कप. सहा! मी मोजले.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात: आजोबा-आजी 1880 च्या दशकात स्वीडनहून आले. वडिलांचा जन्म इथला, 1893 चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून सुताराच्या हाताखाली. पुढं स्वतःच्या बळावर वर्षाला दोन-तीन घरं. घर बांधायचं, त्यातच राहायला जायचं, विकलं की पुढच्या अर्धवट घरात. आई नऊ वेळा बिऱ्हाड हलवल्याचं सांगायची. घराणं बॅप्टिस्ट पंथाचं. रविवारी हातोडीला हात नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सकाळी कामावर गेल्यावर आधी माणसांना गोळा करून प्रार्थना, मग काम. 1971 साली वारले.

माझे प्रश्न असे. स्वीडिश लोक लुथरन पंथाचे असतात असं ऐकलं होतं, मग हे बॅप्टिस्ट कुठून आले? बॅप्टिस्ट म्हणजे नक्की काय? आणि इतका भाविक माणूस आणि बिल्डर, हे दोन्ही एकाच अंगात राहू शकतं का? (शेवटचा प्रश्न पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांसाठी.)

टवाळ

आमचा बिल्डरही भाविकच आहे. पझेशनची तारीख गेली सहा वर्षं देवाच्याच भरवशावर आहे.

कातरवेळ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट) टवाळ!

मिनेसोटाकर, त्या पट्टीचा फोटो टाका ना.

शेवंती

मी नगरची, ख्रिस्ती घरातली, त्यामुळे अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते.

'प्स.' म्हणजे साम, स्तोत्रसंहिता. 127 व्या स्तोत्राची पहिली ओळ आमच्याकडे घरभरणीला हमखास वाचतात: परमेश्वर जर घर बांधत नाही, तर ते बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत. माझ्या आजोबांच्या घराच्या जोत्यात बसवलेल्या दगडावर हीच ओळ होती. म्हणजे तुमच्या सुतारानं फार वेगळं काही केलं नाही, फक्त आमच्याकडे ती दर्शनी भागात असते आणि त्यानं कुणाला दिसणार नाही अशा जागी लिहिली. मला हे आवडलं.

आता बॅप्टिस्ट. आमच्या नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती अमेरिकन मराठी मिशनचे, नाहीतर अँग्लिकन. आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्टांचं म्हणणं, बाळाला काय कळतंय? श्रद्धा ज्याची त्यानं समजून-उमजून कबूल करायची, आणि मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. शिंपडणं चालत नाही, बुडीच मारायची. लांबून बघणाऱ्याला हा फरक एवढासा वाटेल, पण युरोपात यावरून माणसं तुरुंगात गेली आहेत.

मजा म्हणजे 1970 साली नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात उत्तर भारतातले बॅप्टिस्टही आले. म्हणून आमच्या चर्चात आज दोन्ही चालतं, शिंपडा किंवा बुडा. माझ्या चुलतभावानं बावीसाव्या वर्षी बुडून घेतला. आत्या अजून रुसलेली आहे, कारण तिनं बाळपणी केलेला बारशाचा केक वाया गेला म्हणे.

जुनी पोथी

शेवंतीताईंनी पाया घातलाच आहे, तर मी स्वीडनकडचं सांगतो. विषय माझ्या आवडीचा, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

स्वीडनमध्ये लुथरन चर्च हे सरकारी चर्च होतं. जन्मलात की लुथरन. 1726 च्या एका कायद्यानं घरात बाहेरची माणसं जमवून, पाद्र्याशिवाय प्रार्थनासभा घ्यायला बंदी होती. खेडोपाडी अशा सभा चालतच. त्या लोकांना 'लेसारे' म्हणत, म्हणजे 'वाचणारे', कारण ते घरी बसून स्वतः बायबल वाचत. आपल्याकडे टाळकरी म्हणून हिणवतात तसंच काहीसं.

त्यात फ्रेडरिक ओलाउस निल्सन नावाचा खलाशी. जन्म 1809. न्यूयॉर्कला असताना त्याचं मन पालटलं, मग गोथेनबर्गला परतून खलाशांमध्ये धर्मप्रचार करू लागला. 1847 साली तो हॅम्बुर्गला गेला आणि तिथं एल्ब नदीत ओंकेन या जर्मन बॅप्टिस्टाकडून बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी, 21 सप्टेंबर 1848 ला, हालांड किनाऱ्यावर फ्रिलेसोसजवळ पाच जणांचा समुद्रात बाप्तिस्मा झाला. रात्री, लपून. सप्टेंबरात त्या समुद्राचं पाणी कसं असेल विचार करा. स्वीडनमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी ती.

निल्सनवर खटला भरला आणि 1850 साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. तो कोपनहेगनला गेला, तिथून 1853 साली अमेरिकेत, आणि अखेर तुमच्या मिनेसोटातच. मृत्यूही 1881 साली तिथलाच. मागं राहिलेल्यांचे हाल वेगळेच. बॅप्टिस्ट आईबाप बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत म्हणून पोलीस येऊन बाळं उचलून नेत आणि चर्चात जबरदस्तीनं पाणी शिंपडून आणत. 1726 चा तो कायदा 1858 साली गेला, पण सरकारी चर्चातून अगदी मोकळेपणानं बाहेर पडता येईपर्यंत 1951 उजाडलं.

अमेरिकेतली पहिली स्वीडिश बॅप्टिस्ट मंडळी मात्र निल्सनची नाही. ती गुस्ताफ पाल्मक्विस्ट या शिक्षकानं ऑगस्ट 1852 मध्ये इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला काढली, मिसिसिपीत बाप्तिस्मे करून. 1871 साली मिनियापोलिसला पहिलं स्वीडिश बॅप्टिस्ट चर्च निघालं. त्याच वर्षी शिकागोत योहान अलेक्सिस एड्ग्रेन या जुन्या दर्यावर्दी माणसानं पाद्र्यांची शाळा काढली. पहिल्या सत्रात विद्यार्थी किती? एक. आणि त्याच ऑक्टोबरात शिकागोचा मोठा भाग जळाला. आज सेंट पॉलजवळ जे बेथेल विद्यापीठ आहे त्याचं मूळ ही एका विद्यार्थ्याची शाळा.

1850 ते 1930 मध्ये बारा-तेरा लाख स्वीडिश लोक अमेरिकेत गेले. बहुतेक भुकेपायी आणि जमिनीपायी, 1867 ते 69 चा दुष्काळ तर भयंकरच. पण त्यांतल्या थोड्यांच्या गाठोड्यात हेही होतं. तुमच्या बिल्डरचे आजोबा-आजी 1880 नंतरचे म्हणजे कायदा गेल्यावरचे, पण पोलिसांनी उचललेल्या बाळांच्या गोष्टी त्यांनी लहानपणी नक्की ऐकल्या असणार.

अण्णू

वाखुसा (वाचनखूण साठवली). जुनी पोथी, तुम्ही स्वतंत्र धागा काढा हो.

मिनेसोटाकर

जुनी पोथी, अनेक धन्यवाद! 'पोलिसांनी उचललेली बाळं' वाचलं आणि एकदम आठवलं. बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, आमची पणजी पोलिसाला बघून पाळणा लपवायची. मला वाटलं काहीतरी चोरीमारीचं प्रकरण असेल, म्हणून पुढं विचारलंच नाही!

एक दुरुस्ती. आजोबा-आजी बाईंचे, म्हणजे बिल्डरचे आईवडील. मीच गोंधळ घातला होता.

ओळंबा

मी सिव्हिलवाला, त्यामुळे धर्म तुमच्याकडे, घर माझ्याकडे.

मिनेसोटाकर, तळघरातून वर बघितलंत तर बाहेरच्या भिंतीचे उभे वासे खालपासून छपरापर्यंत सलग गेलेत का? गेले असतील तर ते बलून फ्रेम. ही पद्धत 1830 च्या दशकात शिकागोकडे रुजली. त्याआधी जाडजूड तुळया, त्यांना खाचा आणि खुंट्या, मुरलेले सुतार लागत. बलून फ्रेममध्ये गिरणीत कापलेलं बारीक लाकूड आणि कारखान्यातले खिळे, झालं. दोन माणसं आणि एक पोरगा घर उभं करतात. युरोपातून आलेल्या गरीब माणसाला कंत्राटदार होता आलं ते यामुळेच. भांडवल म्हणजे पेटी, शिडी आणि लाकूडवाल्याकडची उधारी.

तोटा एकच, भिंतीची पोकळी सलग असल्यानं आग तळघरातून माळ्यापर्यंत धुराड्यासारखी चढते. मधे आडवे ठोकळे ठोकलेत का ते बघा. चांगला सुतार ठोकायचा, घाईतला नाही. तुमच्या बिल्डरची परीक्षा तिथं.

दुसरं, पाया. तुमच्याकडे जमीन गोठते आणि फुगते. पाया गोठणरेषेच्या खाली नसेल तर घर दर हिवाळ्यात थोडं उचललं जातं आणि चार वर्षांत दारं लागेनाशी होतात. आजचा नियम तुमच्या भागात 42 इंचांचा आहे. शंभर वर्षांनी तुमची दारं नीट लागत असतील, तर त्यानं खणताना चोरी केलेली नाही.

नास्तिक नाना

ओळंबासाहेबांशी सहमत, म्हणून धाग्याच्या सुराशी असहमत.

घर चांगलं आहे कारण लाकूड चांगलं होतं आणि पाया खोल होता. यात स्तोत्राचा संबंध काय? त्याच गल्लीत एखाद्या बेवड्या नॉर्वेजियनानं बांधलेलं घरही उभं असेल. आणि ज्यांची पडली ती तुम्हाला दिसत नाहीत. उभी राहिलेली बघून 'जुनी माणसं काय काम करायची' म्हणायचं हा नेहमीचा घोटाळा आहे.

ओळंबा

नाना, मान्य. लाकडाबद्दल एक भर. 1924 पर्यंत मिनेसोटाचं स्वतःचं पांढरं पाइन जवळपास संपलं होतं. मिनियापोलिसच्या लाकूड गिरण्या 1920 च्या सुमाराला बंद पडल्या. वासे बहुधा पश्चिमेकडून रेल्वेनं आलेल्या फरचे असतील. पण तेही जुन्या जंगलातलं, दाट वर्षवलयांचं. आज तसं दुकानात मिळत नाही.

मिनेसोटाकर

टॉर्च घेऊन तळघरात गेलो होतो. सलग वासे आहेत, बलूनच. आणि ठोकळे आहेत! प्रत्येक पोकळीत. बायको विचारतेय रात्री अकराला तळघरात कुणाला शोधताय. दारंही लागतात, एक सोडून, आणि ते आमच्या आधीच्या मालकानं कापलंय.

नाना, तुमचा मुद्दा पटतो, पण ठोकळा कुणाला दिसत नाही. तपासणारा त्या काळी किती पोकळ्यांत डोकावत असेल? मला तेवढंच म्हणायचंय.

टवाळ

आमच्या बिल्डरनं ठोकळे ठोकले नाहीत, पण आम्हाला चांगलंच ठोकलंय.

इंदूरकर काकू

एक बाळबोध शंका. त्यांची आडनावं सगळी आंडर्सन-जॉन्सनच का? आमच्या मुलाच्या मिनियापोलिसच्या ऑफिसात चार आंडर्सन आहेत, चौघं एकमेकांचे कुणी नाहीत.

जुनी पोथी

काकू, कारण ती खरी आडनावं नव्हतीच. आंडर्सचा मुलगा आंडर्सन, मुलगी आंडर्सडॉटर. पुढच्या पिढीत परत बदल. अमेरिकेत आल्यावर जे कागदावर पडलं ते कायमचं झालं. मग गर्दी झाल्यावर काहींनी निसर्गातली नावं घेतली, लिंडबर्ग म्हणजे लिंडन वृक्ष आणि डोंगर, बर्गलुंड म्हणजे डोंगर आणि राई. थोडक्यात 'डोंगरे' आणि 'वनकर'.

रच्याकने

माझ्या आयडीला (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे') जागून अवांतर करतो. बॅप्टिस्टांचं आणि मराठीचं जुनं नातं आहे हे कुणी अजून कसं बोललं नाही? विल्यम कॅरी! तोही बॅप्टिस्ट, इंग्लंडातला, आधी चांभारकाम करणारा. बंगालात श्रीरामपूरला बसून त्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली कोश. वैजनाथ पंडित हाताशी होते. तो कोश मोडी लिपीत आहे. म्हणजे मराठीच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांतलं एक एका बॅप्टिस्ट चांभाराचं. आता सुताराच्या धाग्यावर चांभार आला, कुंभार कुणी आणा.

शेवंती

रच्याकने, त्याच वाटेचा एक स्वीडिशही आहे. ओला हान्सन. स्वीडनमध्ये जन्म, तरुणपणी मिनेसोटात आला, बॅप्टिस्ट झाला आणि 1890 साली बर्मात कचिन लोकांत गेला. त्या भाषेला लिपी नव्हती. त्यानं रोमन अक्षरांत ती बसवली आणि पुढं सगळं बायबल कचिनमध्ये आणलं. आजही ते लोक तीच अक्षरं लिहितात. मिनेसोटाकर, तुमचे बिल्डर लहानपणी चर्चात याच माणसासाठी पेटीत नाणं टाकत असतील.

नास्तिक नाना

मूळ पोस्टमध्ये 'दारू नाही' असं कौतुकानं लिहिलंय. 1920 ते 33 तिकडे दारूबंदीच होती हो. न पिण्यात काय शौर्य? आणि बंदीचा कायदा ज्याच्या नावानं ओळखला जातो तो व्होल्स्टेड मिनेसोटाचाच खासदार.

अर्धविराम

नाना, बंदीतही लोक चोरून पीत होते, तो मुद्दा सोडा. शिवाय मिनियापोलिसनं 1884 पासूनच गुत्ते शहराच्या ठरावीक भागात कोंबले होते. त्यातला एक सीडर अव्हेन्यू. तिथं स्कँडिनेव्हियन कामगारांची इतकी गर्दी की त्या रस्त्याला 'स्नूस बुलेव्हार्ड' म्हणत, स्नूस म्हणजे तपकिरीसारखा ओठाखाली धरायचा तंबाखू. म्हणजे एकाच स्वीडिश वस्तीत एका टोकाला गुत्ते आणि दुसऱ्या टोकाला हे दारू न शिवणारे बॅप्टिस्ट. चर्चातल्या प्रभुभोजनाच्या विधीलाही वाइनऐवजी द्राक्षाचा रस.

मिनेसोटाकर

परवा बाईंना भेटून आलो, चकल्या घेऊन. 'फार तिखट' म्हणाल्या आणि पाच खाल्ल्या. अजून ऐकलेलं सांगतो.

पहिली गोष्ट हौदाची. बॅप्टिस्ट चर्चात व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली बाप्तिस्म्याचा हौद असतो. नवं चर्च बांधलं तेव्हा हौदाचं काम यांच्या वडिलांनी फुकट अंगावर घेतलं. आतून जस्ताच्या पत्र्याचं अस्तर, सांधे स्वतः डाखले. ते सुतार, पत्र्याचं काम त्यांचं नव्हे, पण 'देवाचं काम दुसऱ्याला कसं देऊ'. पहिल्या रविवारी सात जणांचा बाप्तिस्मा. चौथा माणूस पाण्यात उतरेपर्यंत खाली तळघरात, जिथं मुलांची रविवारची शाळा भरायची, छतातून धार लागली. मुलं वर पळत आली, वरची गाणी थांबेनात. पाचवा माणूस गुडघाभर पाण्यात कसाबसा बुडवला, म्हणजे जवळजवळ झोपवला. वडील तीन आठवडे कुणाशी बोलले नाहीत. मग एका पत्रेवाल्याला पैसे देऊन ते काम करून घेतलं. तो पत्रेवाला कॅथलिक होता!

दुसरी गोष्ट 1930 ची. मंदी आली तेव्हा दोन घरं अर्धवट होती आणि एक विकलं न गेलेलं. तिन्ही गेली. बाईंचा जन्म त्यानंतरचा, भाड्याच्या खोलीतला. लाकूडवाल्याचं देणं मात्र राहिलं होतं. दिवाळखोरी घेता आली असती, घेतली नाही. चर्चाचा पहारेकरी म्हणून राहिले, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, बर्फ काढायचा, त्यातून महिन्याला थोडेथोडे फेडत 1941 साली चुकते केले. पावत्या बिस्किटांच्या डब्यात होत्या. युद्धानंतर पुन्हा घरं बांधायला लागले, वय पन्नाशीपुढं. बाईंना ओल्या गिलाव्याचा वास आठवतो. म्हणाल्या, आमचं घर कधी सुकलेलं नसायचं.

तिसरी गोष्ट भाषेची. घरात देवाशी स्वीडिशमध्ये बोलायचे आणि मजुरांशी इंग्रजीत. चर्चातली स्वीडिश प्रवचनं हळूहळू बंद झाली तेव्हा आजी म्हणायची, आता देवाला माझं काही कळणार नाही.

इंदूरकर काकू

शेवटचं वाक्य वाचून गलबललं. आमच्या नातवाला रामरक्षा रोमन लिपीत लिहून दिलीये.

नास्तिक नाना

देणं फेडलं हे आवडलं. त्याबद्दल वाद नाही.

पण बायकोला त्या अकरा वर्षांत काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं का? तत्त्व त्याचं, हंडी तिची.

कातरवेळ

+1 नाना. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

अर्धविराम

एक अप्रिय गोष्ट आणतो, आधीच क्षमा मागतो.

मिनियापोलिसमध्ये 1910 पासून जमिनीच्या खरेदीखतांत एक अट घालायला सुरुवात झाली, की ही जागा अमुक वंशाच्या माणसाला विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्यानं देऊ नये. कृष्णवर्णीय, चिनी, जपानी अशी यादीच असायची. मिनेसोटा विद्यापीठातल्या 'मॅपिंग प्रेज्युडिस' प्रकल्पानं जुनी खतं चाळून अशा हजारो अटी नकाशावर मांडल्या आहेत. दक्षिण मिनियापोलिस त्यात भरपूर आहे. 1931 साली आर्थर ली नावाच्या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्यानं कोलंबस अव्हेन्यूवर घर घेतलं, तर हजारोंचा जमाव रात्री त्या घराभोवती जमायचा. तुमच्या घरापासून लांब नाही ते.

मिनेसोटाकर, तुमच्या घराचं खत बघा. भाविक बिल्डरबद्दल बोलतोय तर हेही बोलू.

अण्णू

कशाला प्रत्येक ठिकाणी हे आणायचं? छान चालला होता धागा. तो काळच तसा होता.

शेवंती

अण्णू, माझ्या पणजोबांना गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तेव्हाही 'काळच तसा' होता. अर्धविराम यांनी विचारलेलं योग्य आहे. उलट बॅप्टिस्टाला जास्त विचारायला हवं. ज्याच्या आजीनं पोलिसापासून पाळणा लपवला, त्याला हे कळायला नको?

ओळंबा

तांत्रिक बाजू. अशी अट बहुधा बिल्डर घालत नाही, मोठा जमीनमालक प्लॉट पाडताना घालतो. ती जमिनीला चिकटते, पुढच्या प्रत्येक मालकाला लागू. छोट्या बिल्डरला प्लॉट अटीसकटच मिळायचा. हे समर्थन नाही, फक्त क्रम सांगतोय.

रच्याकने

आणि आपण त्या यादीत कुठं बसलो असतो? 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या शीख माणसाला सांगितलं, तू वंशशास्त्राप्रमाणं कॉकेशियन असशील, पण सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही, सबब नागरिकत्व नाही. तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तुमचं घर पुढच्याच वर्षीचं, मिनेसोटाकर.

टवाळ

आमच्या सोसायटीत 'फक्त शाकाहारी कुटुंबांना' असा बोर्ड आहे. खतात नाही, व्हॉट्सअॅपवर आहे.

(आज जोक सुचत नाहीये.)

अण्णू

शेवंती, तुमचं म्हणणं पोचलं. शब्द मागे घेतो.

मिनेसोटाकर

अकरा दिवसांनी येतोय. काउंटीतून (म्हणजे जिल्हा कार्यालयातून) जुन्या खतांच्या प्रती मागवल्या होत्या.

अट आहे. ओळंबांनी म्हटलं तशी, प्लॉट पाडणाऱ्यानं घातलेली, चार ओळी. यादीत आफ्रिकन आहेत, चिनी, जपानी, तुर्की आहेत. आपण नाही. बहुतेक सुचलो नसू. त्या खताखाली घेणारा म्हणून आमच्या बिल्डरची सही आहे, खिडकीतल्यासारखीच तिरकी.

ती अट आज निर्जीव आहे, हे मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1948 च्या निकालापासून कुठलंच न्यायालय ती बजावत नाही, 1968 पासून ती बेकायदाच आहे. 2019 पासून मिनेसोटात घरमालकाला एक अर्ज भरून ती अट रद्द झाल्याची नोंद खतावर करून घेता येते. पुसत नाहीत, मूळ तसंच राहतं, त्याला रद्दची नोंद जोडली जाते. अर्ज भरला.

बाईंना सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा. बायको म्हणाली, ब्याण्णव वर्षांच्या बाईला कशाला त्रास. मग मी तिथं गेल्यावर त्यांनीच विचारलं, कागद मिळाले का? प्रत दाखवली. भिंग घेऊन सावकाश वाचली. मी आपलं म्हटलं, बिल्डरला तेव्हा माहीतही नसेल कदाचित, एवढा छोटा मजकूर. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'पप्पा प्रत्येक कागद दोनदा वाचायचे.'

मग कॉफी मागवली. त्या दिवशी एकच कप.

शेवंती

_/\_

नास्तिक नाना

याच्यावर मी काही बोलणार नाही. बाईंना माझा नमस्कार सांगा.

ओळंबा

खिडकीचं काय झालं शेवटी? दोरी कुठली घातलीत? नायलॉन घालू नका, ताणून सैल होते आणि वजन तळाला टेकतं. वेणीची सुती दोरी घ्या, आणि एक बदललीत तर त्या खिडकीच्या चारही बदला, उरलेल्या तीन त्याच वयाच्या आहेत.

मिनेसोटाकर

सुतीच घातली, चारही. वजनं काढून घासली, एकावर ओतकामाचा आकडा दिसला, साडेसहा. पौंड असावेत. खिडकी आता एका बोटानं वर जाते आणि सोडाल तिथं थांबते. पट्टी परत बसवली, खिळे जुन्याच भोकांत. लिहिलेली बाजू आत.

कातरवेळ, फोटो बसवायच्या आधी काढलाय. सही झाकून टाकतो.